डायनोसॉरच्या लिदीतलं गवत

आजचा भाग सरगूरहून. ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, म्हैसूरपासून 50-55 किलोमीटरवर, कबिनी नदीच्या काठाला हे गाव आहे. पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात होतं, आता स्वतंत्र तालुका आहे. एका अंगाला बंदीपूरचं जंगल, दुसऱ्या अंगाला नागरहोळे. पर्यटक गावात थांबत नाहीत, पुढे हत्ती बघायला जातात.

पण जगातल्या भूवैज्ञानिकांना सरगूर चांगलं ठाऊक आहे. दक्षिण कर्नाटकातल्या सर्वांत जुन्या खडकांच्या एका गटाला त्यांनी या गावाचंच नाव दिलंय, 'सरगूर ग्रुप'. क्वार्टझाइट, संगमरवर, कायनाइट असलेले चकचकीत शिस्ट, लोहखनिजाचे पट्टे असा हा सगळा संसार आहे आणि त्याचं वय 300 कोटी वर्षांहून जास्त आहे.

हा आकडा नुसता ऐकून डोक्यात शिरत नाही, म्हणून एक वही मनात धरा. 300 पानांची वही, एक पान म्हणजे एक कोटी वर्षं. पहिल्या पानावर सरगूरचे खडक आहेत. डायनोसॉर कुठल्या पानावर येतात? थेट 277 व्या पानाच्या आसपास. आणि 294 व्या पानाच्या मध्यावर ते जातात, म्हणजे पक्षी सोडून बाकीचे. आपण माणसं शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीत आहोत.

म्हणून इथे कुणी मला गोल दगड दाखवून "सर, हे डायनोसॉरचं अंडं का?" असं विचारलं, तर मी दगड हातात न घेताही नाही म्हणू शकतो. हा खडक तयार झाला तेव्हा पृथ्वीवर हाड नावाची वस्तूच नव्हती. शिवाय तो पुढे जमिनीत खोल गेला, भाजला, दाबला गेला. अशा भट्टीतून मऊ काहीच टिकून येत नाही.

मग डायनोसॉरचा विषय सरगूरहून कशाला? त्याला कारण आहे, आणि ते इथल्या रस्त्यावर पडलेलं असतं. त्याच्याकडे येतोच. आधी ज्या प्रश्नामुळे हा भाग करायला घेतला तो प्रश्न.

गेल्या काही वर्षांत मला एकच व्हिडिओ किती जणांनी पाठवला असेल! प्रयोगशाळेत चिमट्याने एक तपकिरी धागा ओढतात, तो ताणला जातो, सोडला की परत जागेवर येतो. खाली लिहिलेलं असतं की हे डायनोसॉरचं मांस आहे. पुढचा मजकूर पाठवणाऱ्यावर अवलंबून. कुणी म्हणतो आता डायनोसॉर परत जन्माला घालणार. कुणी म्हणतो, मांस मऊ आहे म्हणजे कोट्यवधी वर्षं वगैरे सगळं थोतांड, हा प्राणी चार-पाच हजार वर्षांपूर्वी जिवंत होता.

तो धागा खरा आहे. त्याची गोष्ट अशी. अमेरिकेत मोंटाना राज्यात टी-रेक्सचा एक सांगाडा निघाला. जागा इतकी आडरानात होती की हाडं हेलिकॉप्टरने न्यायची ठरली. मांडीचं हाड मावेना म्हणून ते तोडावं लागलं. संग्रहालयाची माणसं हाड तोडायला सहसा तयार होत नाहीत, आणि तोडलं तरी आतला भाग लाखेसारख्या रसायनाने पक्का करून टाकतात. इथे तुटलेले तुकडे तसेच मेरी श्वाइट्झर या शास्त्रज्ञ बाईंच्या हाती आले. त्यांनी एक तुकडा सौम्य रसायनात ठेवून हाडातला खनिजांचा भाग विरघळवला. जीवाश्मात खनिजाशिवाय काही उरत नाही असाच समज असल्याने वाटीत काहीच शिल्लक राहायला नको होतं. राहिल्या त्या लवचीक, फांद्या फुटलेल्या नळ्या, रक्तवाहिन्यांसारख्या. मार्च 2005 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं. त्याच हाडात बाईंना आणखी एक खूण दिसली. अंडी घालायच्या दिवसांत कोंबडीच्या हाडात आतल्या बाजूने चुन्याचा एक खास थर धरतो. अंड्याच्या कवचासाठी केलेली ती साठवण असते. तसा थर या टी-रेक्समध्ये होता. म्हणजे ती मादी होती आणि तिचे अंडी घालायचे दिवस होते. 6.8 कोटी वर्षांपूर्वीच्या एका जनावराबद्दल एवढं घरगुती काही कळावं, मला तर रक्तवाहिन्यांपेक्षा याचंच जास्त अप्रूप वाटतं.

यावर भांडणंही भरपूर झाली. 2008 साली एका गटाने दाखवलं की अशा नळ्या म्हणजे हाडाच्या पोकळीत वाढलेल्या जिवाणूंचा बुळबुळीत थरही असू शकतो. पाण्याच्या पिंपाच्या आत हात फिरवला की जो थर लागतो, तोच प्रकार. 2019 मध्ये दुसऱ्या एका गटाने कॅनडातल्या डायनोसॉरच्या हाडात आजचे, चालू काळातले जिवाणू राहत असल्याचं दाखवलं. बाईंनी आपल्या बाजूने प्रथिनांचे तुकडे मांडले, दुसऱ्या जातीच्या डायनोसॉरमध्येही तेच सापडल्याचं सांगितलं. वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटला असं भासवणाऱ्या व्हिडिओंपासून चार हात लांब राहावं हे बरं.

पण "मऊ आहे म्हणजे ताजं आहे" या युक्तिवादाचं काय? घरातलं उदाहरण घ्या. आजीने घातलेल्या कैरीच्या लोणच्याची बरणी माळ्यावर मिळाली, वर चिठ्ठीवर साल लिहिलंय. उघडली तर फोड अजून करकरीत. म्हणून आपण चिठ्ठीवरचं साल खोटं ठरवतो का? आपण विचारतो, आजीने मीठ किती घातलं होतं, वर तेल किती होतं. खडकाचं वय त्या मऊ धाग्यावरून कधीच काढलेलं नसतं. ते वरच्या-खालच्या ज्वालामुखीच्या थरांवरून काढतात. राखेतल्या, लाव्हातल्या खनिजांत काही मूलद्रव्यं ठरलेल्या वेगाने बदलत जातात, त्यांची मोजणी म्हणजे चिठ्ठीवरचं साल. राहिला मिठाचा प्रश्न. त्यावर श्वाइट्झर यांच्या गटाने 2013 मध्ये एक प्रयोग मांडला. शहामृगाच्या रक्तवाहिन्या साध्या पाण्यात ठेवल्या, त्या काही दिवसांत कुजल्या. लाल रक्तपेशींतून काढलेल्या लोहयुक्त द्रवात ठेवल्या, त्या दोन वर्षं टिकल्या. मेलेल्या जनावराच्या रक्तातलं लोहच मिठाचं काम करत असावं असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं आणि सहा कोटी वर्षं यांत फार अंतर आहे, हे त्यांचे विरोधक म्हणतात तेही खरंच.

आणि 'ज्युरासिक पार्क'वाल्यांसाठी एवढंच सांगतो की डीएनए हा या सगळ्यांत सर्वांत नाजूक. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे 20 लाख वर्षांचा. आपल्या वहीत हे शेवटच्या पानाचा पाचवा हिस्सा झाला. 294 व्या पानापर्यंत जायला अजून खूप पानं आहेत.

कातडी, रंग, पिसं यांचा शोध याहून सरळ आहे आणि त्यावर फारसं भांडण नाही. चीनमध्ये 1996 साली पिसांसारखी झालर असलेला छोटा डायनोसॉर जाहीर झाला. 2010 मध्ये त्या झालरीतले रंगकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले गेले, आणि त्याची शेपटी तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांची होती हे कळलं. कॅनडात 2011 मध्ये खाणीवरच्या यंत्रचालकाला चिलखती पाठीचा एक डायनोसॉर लागला, जणू झोपलाय असा. तो दगडातून मोकळा करायला संग्रहालयातल्या एका कारागिराला 7,000 तास लागले. त्याच्या पोटात शेवटचं जेवण होतं. बहुतेक नेचे, आणि सोबत कोळशाचे कण. म्हणजे वणवा लागून गेलेल्या रानात नवीन फुटलेलं खाऊन तो मेला.

आता आपल्याकडे या. भारतात डायनोसॉरची हाडं आहेत, अंडी तर हजारोंनी आहेत. पण कातडीचा, पिसाचा, मांसाचा असा नमुना आपल्या हाती नाही. अर्जेंटिनात लांब मानेच्या डायनोसॉरच्या अंड्यांत गर्भाची खवल्यांची कातडीसुद्धा मिळाली. आपल्याकडची अंडी त्याच कुळातली, पण रिकामी किंवा मातीने भरलेली. मग आपल्या वाट्याला मऊ असं काहीच आलं नाही?

आलं. लिदीत आलं.

इथे सरगूर कामाला येतं. या भागात हत्तीची लीद रस्त्यावर दिसली नाही असा दिवस विरळा. कन्नडमध्ये तिला 'लद्दी' म्हणतात, आपल्या लिदीची सख्खी बहीण वाटावी असा शब्द. हत्ती खातो त्यातलं निम्मंसुद्धा त्याला पचत नाही. त्यामुळे लीद फोडून बघितली तर त्याची जेवणाची पत्रावळच समोर येते. गवताच्या काड्या, बांबूचे धागे, झाडाच्या सालीचे लांब तंतू, बिया. उन्हाळ्यात कबिनीच्या धरणाचं पाणी ओसरतं, मोकळ्या झालेल्या काठावर हिरवं गवत येतं आणि हत्तींचे कळप तिथे उतरतात. हत्तींच्या गणतीतसुद्धा लिदीच्या ढिगांची मोजणी ही एक मान्य पद्धत आहे. प्राणी डोळ्यांना न दिसता त्याच्याबद्दल जाणून घ्यायचं असेल तर याहून चांगला कागद नाही.

(जाता जाता मराठीचं कौतुक. गाईचं शेण, घोड्याची-हत्तीची लीद, शेळीच्या लेंड्या, पाखरांची शीट. डायनोसॉर पक्ष्यांचा नातलग म्हणून 'शीट' म्हणावं, की आकार बघून 'शेण'? मी लीद म्हणतो, कारण पुढे गवत यायचंय.)

दगड झालेल्या विष्ठेला कोप्रोलाइट हे नाव विल्यम बकलंड यांनी 1829 साली दिलं. त्याआधी इंग्लंडच्या किनाऱ्यावर जीवाश्म गोळा करून पोट भरणाऱ्या मेरी ॲनिंग यांच्या लक्षात आलं होतं की समुद्री सरड्यांच्या सांगाड्यात पोटाच्या जागी जे गोळे सापडतात, ते फोडले की आत माशांची हाडं आणि खवले निघतात. नाव पुरुषाच्या खात्यावर, निरीक्षण बाईचं. असो.

विष्ठा टिकते कशी? बहुतेक वेळा टिकतच नाही. ऊन, पाऊस, शेणकिडे तिचा दोन-चार आठवड्यांत निकाल लावतात. पण चिखलात लगेच पुरली गेली आणि तिच्यातल्या जिवाणूंनी खनिजं झपाट्याने धरली, तर आतला ऐवज कुजायच्या आधी दगड होतो. हाडाच्या बाबतीत मांस सडून गेल्यावर दगड व्हायला निवांत वेळ लागतो, इथे घाई असते, आणि त्या घाईतच मऊ भाग अडकतो. कॅनडातल्या टी-रेक्सच्या एका भाऊबंदाच्या विष्ठेत न पचलेल्या स्नायूंच्या धाग्यांचे ठसे सापडले. 2003 मध्ये ते प्रसिद्ध करणाऱ्या कॅरेन चिन यांचं नाव लक्षात ठेवा, त्या पुढे आपल्या चंद्रपूर जिल्ह्याच्या कामात येतात.

होय, चंद्रपूर. वरोरा म्हटलं की आपल्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आठवतं. त्याच वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं खेडं आहे. तिथल्या शेतांत लाल माती आहे, आणि तिच्यातून पावसाने धुऊन निघालेले जीवाश्म वर येतात. हाडांचे तुकडे, कासवांच्या पाठी, गोगलगाई आणि लीद. भरपूर लीद. काही गोळे हाताच्या मुठीएवढे, काही त्याहून मोठे, काही बोटासारखे. हे नवं नाही. नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1860 च्या सुमारास इथल्या हाडांबद्दल लिहून गेले. 1939 मध्ये चार्ल्स मॅटली यांनी तर फक्त पिसदुऱ्याच्या कोप्रोलाइटवर निबंध लिहिला. शेजारच्याच डोंगरगावातून कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी लांब मानेचा एक डायनोसॉर काढला, त्याचं आजचं नाव आयसिसॉरस. आय-एस-आय या संस्थेच्या आद्याक्षरांवरून ठेवलेलं. महालनोबिसांच्या संख्याशास्त्राच्या संस्थेचं नाव एका डायनोसॉरला मिळालं, आणि तो डायनोसॉर विदर्भातला, ही गोष्ट विदर्भाबाहेर किती जणांना माहीत आहे?

ज्या थरात हे सगळं सापडतं त्याला लमेटा म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेच्या लमेटा घाटावरून पडलेलं नाव, परिक्रमा करणाऱ्यांना हा घाट ओळखीचा असेल. लमेटाच्या वर दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे सह्याद्री ज्या लाव्हाचा झाला तो. त्या लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. खालची लीद त्याहून थोडी जुनी. बरणीवरची चिठ्ठी ती हीच.

आता मुख्य मुद्दा. उसाचं पान हाताला घासलं की बारीक रेघ उमटते आणि चुरचुरतं. गवताच्या पात्यात वाळूचा अंश असतो, त्याचा हा प्रताप. झाड मुळांतून पाणी घेतं, त्यात विरघळलेली सिलिका येते, ती पेशींत साठून काचेसारखे कण होतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात. कण पेशीच्या साच्यात घडतो, त्यामुळे प्रत्येक कुळाचा आकार वेगळा. गवतांचे काही कण डमरूसारखे, काही घोड्याच्या खोगिरासारखे. पान सडून जातं, कण राहतो. मऊ पेशी गेली तरी तिचा काचेचा साचा मागे राहतो.

लखनऊच्या बिरबल सहानी संस्थेतल्या वंदना प्रसाद यांनी पिसदुऱ्याच्या लिदीतले हे कण वेगळे काढले. स्वीडनमधल्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग गवतांच्या कणांच्या जाणकार, त्या सोबत आल्या. हबीब अलीमोहम्मदियन होते, आणि बिरबल सहानींचे पुतणे अशोक सहानी. बारीक पाहिल्यावर लिदीत ताड कुळातल्या झाडांचे, सूचिपर्णी झाडांचे, रुंद पानांच्या झाडांचे कण निघाले. आणि गवताचे निघाले. एका नव्हे, किमान पाच प्रकारच्या गवतांचे, त्यांतले काही आजच्या भाताच्या आणि बांबूच्या नात्यातले. नोव्हेंबर 2005 मध्ये हे प्रसिद्ध झालं. कुठे? त्याच 'सायन्स'मध्ये, ज्यात त्याच वर्षी मार्चमध्ये टी-रेक्सच्या रक्तवाहिन्या आल्या होत्या. तो धागा सगळ्या जगाच्या मोबाइलवर फिरला. वरोरा तालुक्यातली लीद आपल्या पाठ्यपुस्तकातही धड आली नाही.

यात एवढं मोठं काय? तोवरची समजूत अशी की गवत ही फार उशिराची गोष्ट आहे. खात्रीचे जीवाश्म सुमारे 5.5 कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉर जाऊन एक कोटी वर्षं झाल्यानंतरचे. म्हणूनच चित्रांतल्या डायनोसॉरच्या पायाखाली नेचे आणि माती दाखवायची पद्धत होती, हिरवळ काढली तर चूक धरली जायची. पिसदुऱ्याने ही समजूत मोडली. गवत डायनोसॉरच्या काळात होतं, इतकंच काय, त्याच्या वेगवेगळ्या शाखाही फुटल्या होत्या. शाखा फुटल्या म्हणजे मूळ आणखी मागे जातं. तसंच झालं, 2018 मध्ये चीनमधल्या एका डायनोसॉरच्या दातांवर 10 कोटी वर्षांहून जुने गवताचे कण मिळाले. म्हणजे पिसदुरा आता सर्वांत जुना नाही, पण पहिलं दार त्याने उघडलं. 2011 मध्ये प्रसाद यांच्याच गटाने दाखवलं की यांतले काही कण थेट भाताच्या वंशाचे आहेत. तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता, समुद्रातून उत्तरेकडे सरकणारा तुकडा होता. हिमालय नाही, गंगेचं खोरं नाही, आणि भाताचे पूर्वज मात्र विदर्भात आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातल्या माणसांना हे सांगायला मला फार आवडतं. अर्थात ते आजचं धान नव्हे, त्याच्या घराण्यातलं कुणीतरी दूरचं.

मात्र "डायनोसॉर गाईसारखे चरत होते" असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. लिदीत गवताचा वाटा थोडा होता, झाडपाल्याचा जास्त. याला दुसऱ्या बाजूनेही दुजोरा मिळतो. आर. के. कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये याच लिदीत बुरशी शोधली. आपल्या द्राक्षबागायतदारांना भुरी माहीत आहे, पानांवर पांढरी पूड धरते ती. तशी पानांवर पडणारी रोगाची बुरशी त्या लिदीत होती. रोगट पानंसुद्धा त्या जनावराने ओरबाडून खाल्ली होती, आणि नाशिकच्या बागेत आज जे फवारतात त्याच प्रकारच्या शत्रूचे पूर्वज तेव्हाच्या झाडांवर बसलेले होते.

2015 मध्ये आशू खोसला यांच्यासोबत कॅरेन चिन यांनी पिसदुऱ्याच्या लिदीचे पातळ काप करून पाहिले. त्यांत वनस्पतींच्या ऊती दिसल्या आणि गोड्या पाण्यातले शिंपल्यांसारखे सूक्ष्म प्राणीही. जनावर तळ्याच्या काठाचं खात होतं, पाणी पीत होतं, किंवा लीद पाण्यात पडली आणि हे प्राणी नंतर तिच्यात शिरले. यातलं नेमकं काय, ते प्रत्येक गोळ्यासाठी वेगळं ठरवावं लागतं.

आणि इथेच सगळ्यांत अवघड प्रश्न येतो. ही लीद कुणाची? आजवर आपण "डायनोसॉरची" म्हणत आलो, कारण त्याच थरात लांब मानेच्या डायनोसॉरची हाडं आहेत, आणि पालापाचोळा खाणारं एवढं मोठं दुसरं कुणी तिथे दिसत नाही. पण लीद आणि हाड एकाच जागी मिळणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे. मोठ्या जनावराच्या मानाने गोळे लहान वाटतात, अशीही शंका आहे. जमिनीवर पडताना फुटून लहान झाले असतील, हे त्याचं उत्तर. सगळे गोळे एकाच जातीचे नाहीत, हे तर मॅटलींपासून सगळेच मानतात.

हाडांतून मऊ अवयवांपर्यंत पोचायची आणखी एक वाट आपल्याच शेजारी मध्य प्रदेशात सापडली. धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावाजवळ दिल्ली विद्यापीठाच्या गटाला 2022 मध्ये अंड्याच्या आत अंडं असलेला नमुना मिळाला. कोंबड्या पाळणाऱ्यांना हा प्रकार अनोळखी नाही. तयार अंडं पुढे न जाता मागे ढकललं जातं आणि त्याच्याभोवती दुसरं घडतं. हे पक्ष्यांत होतं. कासवा-सरड्यांत अशा रीतीने होत नाही, कारण त्यांची अंडनलिका वेगळ्या घडणीची. म्हणजे एका बिघडलेल्या अंड्यावरून लांब मानेच्या मादीच्या पोटातली नलिका पक्ष्यांच्या नलिकेसारखी असावी हे कळलं. नलिका स्वतः कधीच नाहीशी झाली. त्याच गावात असे गोल दगड शेताचे राखणदार म्हणून पुजले जात होते, आणि ती डायनोसॉरची अंडी असल्याची बातमी 2023 च्या डिसेंबरात सगळीकडे झळकली. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पुजलेली वस्तू निदान कुणी फोडत नाही.

फुटतात आणि हरवतात त्या न पुजलेल्या. भारतातली पहिली डायनोसॉरची हाडं 1828 मध्ये जबलपूरला मिळाली, कर्नल स्लीमन यांना. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो तेच. त्यांतल्या शेपटीच्या मणक्यांवरून 1877 मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी टायटॅनोसॉरस हे नाव दिलं. पुढे जगभर या कुळाला तेच नाव पडलं. आणि ज्या मणक्यावरून नाव पडलं तो मणका? हरवला. कित्येक दशकं हरवलेलाच मानला गेला. 2012 मध्ये नागपूरचे धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांना तो कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात परत सापडला. जमिनीत साडेसहा कोटी वर्षं टिकलेली वस्तू आपल्याकडे आल्यावर शंभर वर्षांत बेपत्ता झाली होती.

हाडाचं हे, तर लिदीचं काय सांगावं. तिच्यातले कण पाहायचे तर गोळा कुटून, आम्लात विरघळवून पाहावा लागतो, म्हणजे प्रत्येक अभ्यासात एक नमुना संपतो. पिसदुऱ्याची लाल माती ही लोकांच्या वहिवाटीची शेतं आहेत, दरवर्षी नांगर फिरतो. शेतकऱ्याला त्यात दोष देता येणार नाही, त्याला कापूस-सोयाबीन घ्यायचंय. केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये भूवारसा जपण्याच्या कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. कायदा ज्या वस्तूंसाठी हवा, त्यांत माझ्या मते हाडांच्या आधी हे गोळे यायला हवेत. हाड उचलणारा निदान "हे हाड आहे" म्हणून उचलतो. लिदीचा गोळा शोभेचा दगड म्हणून दिवाणखान्यात जातो आणि तो कुठल्या शेतातला, कुठल्या थरातला हे कायमचं पुसलं जातं. कुणाची लीद हा प्रश्न सोडवायला नेमकी तीच माहिती लागते.

तो प्रश्न सुटू शकतो, याची चुणूक 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातून मिळाली. 'जूडी' असं लाडाचं नाव असलेल्या एका लांब मानेच्या डायनोसॉरच्या पोटात, बरगड्यांच्या आतच, शेवटचं अन्न दगड होऊन सापडलं. या कुळातला हा पहिलाच नमुना. यात लीद कुणाची हा वादच नाही, अन्न अजून पोटात आहे. सूचिपर्णी झाडांचे तुकडे, बीजनेच्यांची फळं, फुलझाडांची पानं, आणि सगळी फारशी न चावलेली. ओरबाडायचं आणि गिळायचं, पुढचं काम आतड्यातल्या जिवाणूंचं. जूडी आपल्या विदर्भातल्या जनावरांहून जवळजवळ तीन कोटी वर्षांनी जुनी. आता पिसदुऱ्याच्या कापांमधले पानांचे तुकडे किती बारीक आहेत, चावलेले आहेत की नुसते गिळलेले, हे जूडीच्या पोटाशी ताडून बघता येईल. आणि डोंगरगावच्या आयसिसॉरसचा एखादा भाऊ बरगड्यांसकट, न उसकटता वरोऱ्याच्या कुठल्या बांधाखाली निघालाच, तर त्याच्या पोटात गवत आहे का तेही बघता येईल.